जहाज अडवलं, मुलगा वर आहे: नागपुरातून अर्ज कसा करायचा

आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे जहाज परदेशात अडकलं की घरचे आधी पोलीस ठाण्यात जातात, मग कलेक्टर कचेरीत. यातच आठवडा सरतो. मुंबईला जायला विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीटही काढू नका, तक्रार घरूनच ऑनलाइन होते. वकिलातीच्या मदतीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल, पगार आणि एजंटच्या तक्रारीसाठी डीजी शिपिंग, म्हणजे केंद्र सरकारचं जहाज खातं. दोन्हीकडे करा.

पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), इंडोस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक) हे नेहमीचे कागद. पासपोर्टचं शेवटचं पान लोक विसरतात. आईवडिलांची नावं तिथंच असतात.

खरी अडचण जहाजाच्या ओळखीची. एका काकूंच्या वहीत जहाजाचं नाव तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांत होतं! नाव बदलतं, झेंडाही बदलतो. जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, म्हणजे सात अंकी आयएमओ नंबर, बदलत नाही. तोच लिहा. झेंडा, म्हणजे जहाजाची नोंदणी कुठल्या देशात आहे, हे विचारतात, कारण १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार खुल्या समुद्रात जहाजावर हुकूमत झेंड्याच्या देशाची. परक्या नौदलाला वर चढता येतं ते चाचेगिरी, गुलामांची वाहतूक, जहाजाला कुठलंच राष्ट्रीयत्व नसल्याचा संशय अशा मोजक्याच कारणांनी. खोटा झेंडा लावलेल्या जहाजामागे कुठलाच देश उभा नसतो, म्हणूनच त्यावरचा पोरगा जास्त उघड्यावर. २०२२ मध्ये इक्वेटोरियल गिनीनं अडवलेल्या 'हिरोइक इडुन'वर १६ भारतीय होते, झेंडा मार्शल आयलंड्सचा, तोही खरा. पुढे जहाज नायजेरियाच्या ताब्यात गेलं आणि सुटका थेट २०२३ मध्ये.

नोकरीचा करारनामा घरी कुणाकडेच नसतो. तो पोराच्या कॅबिनमध्ये. नसला तर तसं लिहा, एजंटचे मेसेज आणि बँकेच्या नोंदी जोडा. एजंटचा आरपीएसएल नंबर (खलाशी भरतीचा परवाना) डीजी शिपिंगच्या साइटवर तपासा. तिथं तो सापडलाच नाही, तर तेही तक्रारीत लिहा, लाजू नका.

मालकानं हात वर केले, तर 'दोन महिने थांबा' हा एजंटचा सल्ला ऐकू नका. सागरी कामगार करारात (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) दोन महिने पगार थकला की मालकानं वाऱ्यावर सोडलं असं धरतात, हे खरं. पण जेवण, पाणी, डिझेल बंद झालं तर ते तेव्हाच लागू होतं. शिवाय याच करारानुसार मालकानं काढलेल्या विम्याची हमी थकलेल्या पगारापैकी जास्तीत जास्त चार महिन्यांची. आठ महिने वाट पाहिलीत, तर उरलेल्या चारसाठी मालकामागे पळावं लागेल.

या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. फोन लागला की आधी त्याचा फोटो मागा, जेवलास का ते नंतर विचारा.