उपचारात्मक व्यायामाची नोंद

दुखापत, शस्त्रक्रिया किंवा स्नायूंच्या दुर्बलतेनंतर फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम नेहमीच्या व्यायामात बसवून त्यांचा तपशील रोज लिहून ठेवण्याची पद्धत. जिमच्या वहीत वजन आणि ‘रेप्स’ (आवर्तने) लिहिल्या की भागते. येथे बाजू (डावी की उजवी), सांध्याचा कोन, स्थिती किती सेकंद धरली आणि किती दुखले हेही लागते.

उगम कोठून धरावा याविषयी दोन मते संभवतात. एक मत तो स्वीडनचे डॉक्टर गुस्ताव झांडर यांच्या व्यायामयंत्रांपर्यंत, म्हणजे साधारण १८६० च्या दशकापर्यंत नेते. या यंत्रांत तरफेवरचे वजन सरकवून रोध मोजून वाढवता येई. मात्र मोजणे वेगळे आणि मोजलेल्यावरून पुढचा भार ठरवणे वेगळे. तालमीत जोर-बैठकाही मोजतच असत. या दृष्टीने अमेरिकी लष्करी डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांच्यापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात जायबंदी सैनिकांच्या मांडीच्या स्नायूंसाठी त्यांनी पायात लोखंडी बूट घालून जड वजनाचे व्यायाम दिले व १९४५ मध्ये पद्धत प्रसिद्ध केली. नीट दहा वेळाच उचलता येईल ते वजन हे तिचे एकक. ते दर आठवड्याला नव्याने ठरवावे लागे, म्हणून नोंद अपरिहार्य झाली. सुरुवातीला ७० ते १०० आवर्तने असत. १९४८ मध्ये डीलॉर्म व वॉटकिन्स यांनी ती दहा-दहाच्या तीन संचांवर आणली : एककाच्या ५०, ७५ व १०० टक्के.

संचांचा हा क्रम वादाचा ठरला. रुग्ण शेवटच्या जड संचापर्यंत थकून जातो, असे म्हणून झिनोव्हिएफ यांनी १९५१ मध्ये उलटा क्रम मांडला. तो ‘ऑक्सफर्ड पद्धत’ म्हणून ओळखला जातो. क्रमाने फार फरक पडत असावा असे वाटत नाही. केनेथ नाइट यांची १९७९ ची सुधारणा अधिक महत्त्वाची. तीत तिसऱ्या संचात प्रत्यक्ष किती आवर्तने झाली यावर चौथ्याचे वजन ठरते आणि चौथ्यावरून पुढच्या खेपेचे. येथे वहीच मात्रा ठरवते.

भारतात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झाले. पोलिओची साथ हे त्यामागचे एक कारण होते.

व्यवहारातली नोंद एका ओळीची असते : ‘पाय सरळ उचलणे, उजवा, १०×३, ५ सेकंद, १ किलो, दुखणे ३/१०, सकाळी २’. यातला शेवटचा आकडा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे दुखणे, उठल्यावर लिहायचा असतो आणि नेमका तोच राहून जातो. मनगटावरचे घड्याळ पावले मोजते. आडवे पडून उचललेला पाय त्याच्या हिशेबात सहसा येत नाही. एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेला आठवडा अनुभवी थेरपिस्टच्या लगेच लक्षात येतो : सातही दिवस दुखणे ३.