आपल्या बाटलीत द्रावण भरून का मिळत नाही?

घरून आणलेल्या रिकाम्या बाटलीत आम्ही द्रावण भरून देत नाही. यावरून काउंटरवर वारंवार वाद होतो, म्हणून कारण येथे देत आहोत.

तुंबलेले पाइप मोकळे करणाऱ्या आमच्या द्रावणात कॉस्टिक सोडा असतो आणि ते दिसायला पाण्यासारखे असते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते ओतले, की दोन वर्षांच्या मुलाच्या लेखी ते पाणीच. ॲसिड तोंडात जाताच झोंबते, त्यामुळे मूल बहुधा ते थुंकते; कॉस्टिकला मात्र वास नसतो, आणि काही कळेपर्यंत घोट घशाखाली गेलेला असतो. ते अन्ननलिकेच्या अस्तरात खोलवर मुरते, आणि पुढे काही आठवड्यांत जखमेचा व्रण आक्रसून नलिका अरुंद होऊ शकते.

झाकण उघडायला जड जाते, ही दुसरी तक्रार. दाबून फिरवायच्या अशा झाकणांची आयएसओ ८३१७ या मानकानुसार ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांकडून चाचणी करतात, आणि किमान ८५ टक्के मुलांना पाच मिनिटांत ते उघडता येता कामा नये. उरलेल्या मुलांचा विचार करून बाटली कुलपातच ठेवावी. आट्यांवर पांढरी खपली साचली, तर झाकण नीट बसत नाही. हातमोजे घालून ती ओल्या फडक्याने पुसावी. झाकण खराब झाल्यास आम्ही नवे विनामूल्य देतो.

तरीही मुलाने द्रावण गिळलेच, तर उलटी करवू नये, कारण वर येताना ते दुसऱ्यांदा भाजते. लिंबू, व्हिनेगर किंवा मिठाचे पाणी पाजू नये. तोंड पुसून, भिजलेले कपडे काढून, त्वचा भरपूर पाण्याने धुऊन मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. ओठ स्वच्छ दिसले म्हणून थांबू नये, कारण तोंडात खूण नसतानाही आत जखम असू शकते. बाटली सोबत न्यावी. लेबलवर घटक आणि त्याचे प्रमाण छापलेले असते, आणि डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. शीतपेयाच्या बाटलीवरून त्यांना काय कळणार?

मोठा कॅन घेणाऱ्यांना रोजच्या वापरासाठी त्याच झाकणाची, लेबल लावलेली लहान बाटली आम्ही सोबत देतो. ती मागून घ्यावी.