चीवर

बौद्ध भिक्खू आणि भिक्खुणी यांचे अंगवस्त्र. कापडाचे तुकडे जोडून ते हाताने शिवायचे आणि झाडपाल्याच्या काढ्यात रंगवायचे, असा मूळ दंडक आहे. कमरेला गुंडाळायचे अंतरवासक, खांद्यावरून घ्यायचे उत्तरासंग आणि थंडीत पांघरायची दुहेरी संघाटी अशी भिक्खूची तीन वस्त्रे मिळून त्रिचीवर होते. भिक्खुणींना याशिवाय छातीभोवतीची संकच्चिका आणि स्नानासाठी उदकसाटिका, म्हणजे एकूण पाच. चीवराचे नियम मुख्यतः विनयपिटकातल्या, म्हणजे संघाच्या शिस्तीच्या ग्रंथातल्या, महावग्गाच्या आठव्या खंधकात (प्रकरणात) येतात. कठिनाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या चीवरविधीचे, नियम सातव्यात आणि सुईदोऱ्याचे त्याच पिटकातल्या चुल्लवग्गात. धर्मग्रंथ म्हणून ही प्रकरणे उघडणारा वाचक जरा गोंधळतो. तत्त्वचर्चा जवळजवळ नाहीच. एखाद्या शिंप्याने आणि रंगाऱ्याने मिळून ठेवलेली वही वाचावी तसे वाटते: अमुक केले, ते बिघडले, भिक्खूंनी जाऊन सांगितले, मग तमुक करण्याची परवानगी मिळाली.

सुरुवातीला भिक्खू फक्त टाकून दिलेल्या चिंध्या वापरत. त्यांना पांसुकूल म्हणत, म्हणजे धुळीतून उचललेले कापड. भाष्यकार बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात पांसुकूलाचे २३ प्रकार मोजले आहेत: स्मशानातले, उकिरड्यावरचे, बाळंतिणीचे, गाईने चघळलेले, वाळवीने खाल्लेले, उंदराने कुरतडलेले, जळलेले, वाऱ्याने उडून आलेले. गृहस्थांनी दिलेले कापड घेण्याची मुभा नंतर आली आणि त्याला निमित्त झाला जीवक वैद्य. अवंतीच्या प्रद्योत राजाला बरे केल्याबद्दल त्याला शिवी देशाच्या उंची वस्त्रांची जोडी मिळाली होती. ती त्याने बुद्धाला दिली आणि यापुढे भिक्खूंना गृहस्थांची वस्त्रे घेऊ द्यावीत, असा वर मागितला. तो मान्य झाला, पण चिंध्यांवरच राहू इच्छिणाऱ्याला तशी मोकळीक राहिली. पुढे क्षौम (जवसाच्या धाग्याचे), कापूस, रेशीम, लोकर, ताग आणि भांगेच्या जातीचे कापड अशा सहा प्रकारांना मान्यता देण्यात आली.

वस्त्रे तीनच का, याचे उत्तर हिशोबाने काढलेले आहे. हिवाळ्यातल्या कडाक्याच्या रात्री बुद्ध उघड्यावर एक वस्त्र घेऊन बसले. पहिला प्रहर सरताना थंडी वाजली, दुसरे घेतले, मधला सरताना तिसरे, पहाटे चौथे. चार पदरांत रात्र निभावते असे दिसले. म्हणून दोन पदरांची संघाटी आणि एकेका पदराची दोन वस्त्रे.

चीवराची ओळख पटते ती त्याच्या कापावरून. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना बुद्धांना मगधातली भातखाचरे दिसली. लांब पट्ट्या, त्यांना आडवे छेदणारे छोटे बांध, बांधांच्या चौकटीत एकेक खाचर. सोबतच्या आनंद या शिष्याला त्यांनी विचारले, भिक्खूंची चीवरे अशी करता येतील का? आनंदाने ती करून दाखवली. पालीतले भागांचे शब्दही शेताकडूनच आले आहेत: लांब बांध ती कुसि, अर्धा बांध ती अड्ढकुसि, खाचर ते मंडल आणि लहान खाचर अड्ढमंडल. भातशेतीच्या मुलखात वाढलेल्या कोणालाही उभ्या पट्टीत एक मोठा आणि एक छोटा तुकडा अशी ही मांडणी पाहिली की आषाढातले चिखलणीचे शेत आठवावे. चीवर कमीत कमी पाच पट्ट्यांचे असते. सात, नऊ अशी विषम संख्येने ते वाढतही जाते.

कापण्यामागचे कारण मात्र रोकडे आहे. सलग थानाला बाजारात किंमत असते. शस्त्राने फाडून पुन्हा जोडलेले कापड चोराला नको असते, आणि श्रमणाला शोभते. आनंदाची स्तुती करताना बुद्धांनी नेमके हेच म्हटले आहे.

शिवणाची कहाणी चुल्लवग्गाच्या पाचव्या खंधकात येते. भिक्खू पिसाच्या टोकाने आणि बांबूच्या कामटीने शिवत, शिवण धड येत नसे. सुईची परवानगी मिळाली. सुया गंजू लागल्या, तेव्हा सुईची नळी आली. नळीतही गंजल्या, म्हणून तीत किण्व (आंबवण) भरून पाहिले, मग सातूचे पीठ, मग दगडाची पूड, आणि शेवटी मेण. मेहनतीने शिवलेले वस्त्र तिरपे होऊ लागले, म्हणून कापड ताणून बांधायची चौकट आली. तिचेच नाव कठिन. टाके वाकडे पडू नयेत म्हणून मोघसुत्तक, म्हणजे खुणेचा दोरा. सुतार लाकडावर काळ्या सुताने रेघ मारतो तशी हळदीच्या सुताने कापडावर खूण करायची, असे अट्ठकथा, म्हणजे विनयावरचे जुने पाली भाष्य, सांगते. बोटांना सुई टोचू लागली तेव्हा अंगुस्तान आले. ते येताच काही भिक्खूंनी सोन्यारुप्याची अंगुस्ताने घातली, लोक कुजबुजले आणि ती बंद झाली. सुईघरांचेही असेच झाले. एका हस्तिदंतकाराने भिक्खूंना सुईघरे देऊ केली. त्यांनी इतकी मागितली की त्याला दुसरे कामच करता येईना आणि घरची पोरेबाळे हाल काढू लागली. तेव्हापासून हाडाचे, दाताचे किंवा शिंगाचे सुईघर करवून घेणे हा दोष ठरला आणि त्यावर उपाय एकच: ते फोडून टाकायचे.

रंगाईचा भाग सर्वांत बारकाईने लिहिलेला आहे. आधी भिक्खू शेण आणि पिवळी माती वापरत. रंग ओंगळ येई. मग मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ असे सहा स्रोत मान्य झाले. थंड पाण्यात काढलेल्या रंगाने वस्त्राला वास येऊ लागला, म्हणून उकळायची परवानगी. उकळी येऊन रंग उतू गेला, म्हणून भांड्याला कडे. काढा तयार झाला की नाही हे कळेना, म्हणून त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहायचा. काढा उतरला असेल तर थेंब लगेच फुटून पसरत नाही. पाकाची तार पाहणारा हात इथे लगेच ओळखू येतो. कापड भांड्यातच कोंबून रंगवू नये, त्यासाठी पसरट कोटंबा घ्यावा. वाळत घालण्याचे तर वेगळेच रामायण. जमिनीवर पसरले तर धूळ बसते. गवतावर पसरले तर वाळवी लागते. दांडीवर मधोमध टाकले तर रंग दोन्ही बाजूंनी ओघळतो. म्हणून कोपऱ्याला दोरा बांधून टांगायचे. तसे टांगले की सगळा रंग एका कडेला उतरतो, म्हणून ते सारखे उलटसुलट करायचे आणि थेंब गळायचे थांबल्याखेरीज तिथून हलायचे नाही. वाळून कडक झालेले चीवर पाण्यात बुडवायचे आणि खरखरीत राहिले तर हाताने थोपटायचे. घरी डाळिंबाच्या सालीत किंवा हिरड्यात कापड रंगवून पाहिलेल्याला यातली एकही पायरी नवी वाटणार नाही.

रंगाचे नाव काषाय आहे आणि ते चवीवरून पडले आहे. कषाय म्हणजे सहा रसांपैकी तुरट रस. झाडाच्या सालीत, खोडात आणि फळांच्या टरफलात टॅनिन असते. त्यानेच तोंड आखडते आणि तेच सुती धाग्याला चिकटून राहते. त्यातून तपकिरी, पिवळट, मातकट छटा मिळतात. भगवा आणि काषाय यांची आज सर्रास गल्लत होते, पण विनयातली यादी उजळ रंगांना बाद करते: पूर्ण निळे, पिवळे, रक्तासारखे लाल, मंजिष्ठी आणि काळे चीवर चालत नाही. अट्ठकथा आणखी खोलात जाते. मुळांतून हळद वगळा, खोडातून मंजिष्ठ, सालीतून लोध्र, पानांतून नीळ, फुलांतून पळस आणि करडई. भारतातल्या रंगाऱ्याच्या दुकानातला जवळजवळ सगळा खपाऊ माल या यादीत बसतो. लोकांच्या डोळ्यांत भरणारा रंगच चीवराला नको होता, हे यावरून पुरेसे स्पष्ट होते.

त्यावरही एक शेवटचा डाग लावायचा असतो. नवे चीवर वापरण्याआधी त्यावर निळा, चिखलाचा किंवा काळपट यांपैकी एक ठिपका देतात, तो कप्पबिंदू. याचे मूळ एका चोरीत आहे. साकेत ते श्रावस्ती या वाटेवर भिक्खू आणि परिव्राजक लुटले गेले. राजाच्या माणसांनी चोर पकडून वस्त्रे परत आणली आणि आपापली ओळखून न्या म्हणाले. भिक्खूंना आपली ओळखताच येईनात. चिखलाच्या ठिपक्याला रंगाऱ्याचीही साथ आहे: टॅनिन शोषलेल्या कापडावर लोहाचा अंश असलेला चिखल लागला की काळा डाग बसतो आणि धुऊन जात नाही. आता बहुतेक विहारांत हे काम पेन किंवा पेन्सिल करते.

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपल्यावरच्या महिन्यात कठिन चीवराचा विधी होतो. त्याची कथा ओल्या कपड्यांची आहे: पावेय्यक म्हणवले जाणारे तीस भिक्खू श्रावस्तीला निघाले, पावसाळा साकेतातच लागला, आणि वर्षावास आटोपून ते चिखल तुडवत, भिजलेल्या चीवरांनी बुद्धांपाशी पोहोचले. विधीत संघाला मिळालेले कापड धुणे, कापणे, शिवणे आणि रंगवणे हे सगळे एकाच दिवसात उरकावे लागते. म्हणून वडीलधारे भिक्खूही सुई घेऊन बसत. महाराष्ट्रात १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर वर्षावास आणि चीवरदान घरोघरच्या ओळखीचे झाले, पण दान होते ते सहसा तयार, शिवलेल्या, कृत्रिम रंगाच्या चीवराचे. त्यात पॉलिएस्टर असेल तर तुरट काढा त्याला नीट लागतच नाही. थायलंडच्या अरण्यविहारांत मात्र फणसाच्या गाभ्याचे तुकडे तासन्‌तास उकळून काढलेला रंग अजून वापरात आहे. त्याची पिवळट तपकिरी छटा मोरिन या द्रव्याची. जपानमध्ये चीवराला केसा म्हणतात. नारा इथल्या शोसोइन भांडारात सम्राट शोमूची केसा वस्त्रे आहेत, ती ७५६ मध्ये दान झालेली. विसाव्या शतकात सावाकी कोदो (१८८०–१९६५) या झेन गुरूंनी बारीक उलट्या टाक्यांनी स्वतः केसा शिवण्याची रीत पुन्हा रुजवली.

फाटलेल्या चीवराची डागडुजी करण्याबद्दल विनय उदार आहे. ठिगळ (अग्गळ), टाके (तुन्न), कड दुमडणे आणि विरलेला भाग पक्का करणे, सगळ्याला मुभा आहे. रफू करणे या अर्थाचे मराठीतले जुने क्रियापद ‘तुणणे’ या तुन्नाच्याच कुळातले. कापड जुने असेल तर पदरही वाढवता येतात: नव्या कापडाची संघाटी दुहेरी, तर जुन्याची चौपदरी; आणि पांसुकूल असेल तर हवे तितके.

चीवराचा शेवट कसा होतो, ते चुल्लवग्गातल्या कौशांबीच्या प्रसंगात येते. उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला राग आला, हा श्रमण काय कापडाचे दुकान मांडणार आहे? त्याने येऊन विचारले, इतक्या वस्त्रांचे काय कराल? ज्यांची चीवरे झिजली आहेत त्यांना वाटू. मग जुन्यांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बसकरे. त्यांचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि फडकी जीर्ण झाली की? कुटून, मातीत कालवून त्यांनी जमीन लिंपू, आनंद म्हणाला. राजाने आणखी पाचशे वस्त्रे आणून दिली.