बोटाला चटका बसतो तेव्हा

भाकरी उलटताना बोट तव्याला टेकते, हात झटकन मागे येतो आणि भाजल्याचे ध्यानात येते ते त्यानंतर. हा क्रम विचार करण्याजोगा आहे, कारण हात मागे घेण्याचा हुकूम मेंदूने दिला असे आपण धरून चालतो, पण मेंदूला चटका जाणवण्याआधीच हात हललेला असतो. चेतासंस्थेची ओळख मेंदूपासून करून देण्याची प्रथा आहे. ८६ अब्ज चेतापेशी असलेला हा अवयव त्या मानाला पात्र आहेच. तरीही बोटाच्या टोकापासून निघालो तर ही सारी व्यवस्था कशासाठी आहे ते लवकर समजते, असे मला वाटते.

त्वचेत चेतातंतूंची अतिशय बारीक, उघडी टोके पसरलेली असतात. त्यांपैकी अनेकांच्या पटलात ट्रिप-व्ही-१ नावाचे एक प्रथिन असते, जे तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की झडपेसारखे उघडते आणि सोडियम व कॅल्शियमचे धनभारित आयन आत येऊ देते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेला १९९७ मध्ये हे प्रथिन सापडले ते मिरचीतल्या कॅपसायसिन या द्रव्याचा माग काढताना, आणि या संशोधनासाठी त्यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ठेच्याने तोंड भाजले असे आपण म्हणतो ते त्यामुळे अगदी खरे ठरते, कारण तिखटाने आणि उष्णतेने जिभेवरची एकच झडप उघडते.

या तंतूची मूळ पेशी मात्र बोटात नसते. ती मानेच्या मणक्यांलगत, मेरुरज्जूच्या बाहेर असलेल्या छोट्या गाठीत असते. तिचा एक फाटा बोटापर्यंत गेलेला असतो आणि दुसरा मेरुरज्जूत शिरलेला असतो. म्हणजे एकच पेशी सबंध हाताच्या लांबीची, आणि पायाच्या अंगठ्याची बातमी आणणारी पेशी त्याहूनही लांब. एवढ्या लांबवर संदेश जातो तो तारेतून वीज वाहते तसा नाही. स्वस्थ असताना तंतूचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. संदेश आला की त्या जागी सोडियम आत घुसतो, क्षणभर विद्युतभार उलटा होतो, मग पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते, आणि तोवर शेजारच्या जागी तीच घटना सुरू झालेली असते. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या जाड चेतातंतूवरील प्रयोगांतून या प्रक्रियेचे गणित मांडले. भार उलटण्याची ही एकेक लाट म्हणजे एक स्पंद, आणि प्रत्येक स्पंद सारख्याच ताकदीचा असतो. चटका कमी की जास्त, हे एका सेकंदात किती स्पंद येतात आणि किती तंतूंमधून येतात यावरून ठरते.

संदेशाचा वेग मोजताच येणार नाही, असे एकोणिसाव्या शतकातले नामवंत शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांचे मत होते. त्यांचेच विद्यार्थी हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या पायाची नस घेऊन तो मोजला आणि तो सेकंदाला तीसएक मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षाही कितीतरी कमी निघाला. माकुळाचा तंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड असूनही त्यात सेकंदाला २५ मीटरच्या आसपासच वेग मिळतो, तर आपले सर्वांत वेगवान तंतू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे बारीक असूनही १०० मीटरपर्यंत वेग गाठतात. हा फरक मायलिनचा आहे. श्वान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्वान पेशी तंतूभोवती या स्निग्ध आवरणाचे वेढे घालतात, मध्ये मध्ये थोडी जागा उघडी ठेवतात, आणि स्पंद एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उड्या घेत जातो. ही सोय नसती तर एवढ्या वेगवान तंतूंसाठी आपल्या हातापायांत जागाच उरली नसती.

वेदनेची बातमी दोन प्रकारच्या तंतूंतून येते. पातळ मायलिन असलेल्या तंतूंतून ती सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने येते, तर मायलिन नसलेल्या तंतूंतून जेमतेम एक मीटर वेगाने. आधी टोचल्यासारखा तीव्र चटका आणि काही क्षणांनी पसरत जाणारी आग, हा सर्वांच्या ओळखीचा अनुभव या दोन वेगांमुळे येतो.

हात मागे घेण्याचे काम मेरुरज्जूतच उरकते. येणारी पेशी आणि पुढची पेशी यांच्यात सिनॅप्स नावाची सूक्ष्म फट असते, आणि ती रासायनिक द्रव्यांनी ओलांडली जाते. मधल्या पेशी दंडाच्या पुढच्या स्नायूला आखडण्याचा आणि त्याच वेळी मागच्या स्नायूला सैल पडण्याचा संदेश देतात; यातला दुसरा संदेश नसता तर दोन्ही स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत राहिले असते. मेंदूकडे वर्दी वेगळी जाते. ती उशिरा पोहोचते म्हणून मेंदू इथे निरुपयोगी ठरतो असे नाही, कारण उकळत्या दुधाचे पातेले हातात असताना ते सोडायचे नाही, असा वरून येणारा आदेश मेरुरज्जूतली ही प्रतिक्रिया दाबून धरू शकतो.

ही वाट बंद पडली तर काय होते, हे कुष्ठरोगाने दाखवून दिले आहे. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू श्वान पेशींतच घर करतो. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणून त्वचेजवळून जाणाऱ्या नसा आधी सापडतात. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारी नस त्यांपैकी एक आहे. या रोगात बोटे आपोआप झडतात अशी समजूत वैद्यकातही दीर्घकाळ होती. तमिळनाडूतील वेल्लोर येथे काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की रुग्णाच्या हातापायांची हानी मुख्यतः न जाणवलेल्या भाजण्यातून, कापण्यातून आणि एकाच जागी पडत राहिलेल्या दाबातून होते. तवा तोच आणि बोटही तेच, पण हात मागे येत नाही. वेदनेला आपण शत्रू मानतो. पण ती नसल्याने माणसांनी काय गमावले, हे वाचताना माझे मन हेलावते. आरोग्यसेवक आजही बधिर चट्टा शोधतात तो याच कारणाने, कारण वेळेवर औषधे सुरू झाली तर नसा वाचू शकतात.

मधुमेहात असेच नुकसान पावलांपासून सुरू होते, कारण सर्वांत लांब तंतूंना त्याची झळ आधी लागते. ते तपासण्यासाठी डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगतात आणि दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा तळपायावर ठिकठिकाणी टेकवतात. ज्या जागी रुग्ण काहीच सांगत नाही, त्या जागी पोहोचणारे तंतू निकामी होऊ लागलेले असतात.