पात्यामागचं मऊ शेपूट

ब्लेडेड जिग या आमिषाला मागे कोणता ट्रेलर, म्हणजे मऊ प्लास्टिकचा तुकडा, लावावा, असं बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाची मासेमारी करणाऱ्यांना विचारलं की बहुतेकांचं उत्तर रंगापासून सुरू होतं. गढूळ पाण्यात काळा-निळा, नितळ पाण्यात पांढरा, ढगाळ दिवशी पोपटी. रंगाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही, पण हा हिशेब चुकीच्या टोकाकडून मांडलेला आहे. ट्रेलर हा थरथरणाऱ्या यंत्राचा एक भाग आहे. तो लावला की यंत्र बदलतं, आणि हा बदल बास आपल्या अंगाने ओळखतो. डोळ्यांचा क्रमांक त्यानंतरचा.

ज्यांनी हे आमिष पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गळाच्या मानेवर धातूचं डोकं ओतलेलं असतं, त्याला सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांची झालर असते. हा झाला जिग. त्याच्या डोक्यापुढे षटकोनी धातूचं पातं अडकवलेलं असतं आणि दोरी त्या पात्याला बांधतात. रीळ फिरवलं की पातं डावी-उजवीकडे झटके खातं, डोक्यावर आपटतं, आणि मागचा सगळा जिग त्याच्याबरोबर हलतो. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या रॉन डेव्हिस यांनी हे आमिष ‘चॅटरबेट’ नावाने आणलं आणि २००६ नंतर बास मासेमारीत त्याचा बोलबाला झाला. गळाच्या दांड्यावर मागून ओवायचा मऊ प्लास्टिकचा मासा, नांग्यावाला क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) किंवा दुभंगलेल्या शेपटीचा तुकडा म्हणजे ट्रेलर. मऊ प्लास्टिकचं आमिष मात्र बरंच जुनं आहे. ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या निक क्रीम यांनी प्लास्टिकचं गांडूळ केलं ते १९४९ साली.

आता माशाकडे वळू. शाळेत आपण पार्श्वरेषा शिकतो: माशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत गेलेली ठिपक्यांची ओळ. परीक्षेत एका गुणाचं उत्तर लिहून आपण ती विसरतो, हे फार वाईट आहे, कारण प्राणिसृष्टीतल्या सर्वांत सुंदर ज्ञानेंद्रियांपैकी ते एक आहे. त्या ओळीतल्या खवल्यांखालून एक नळी जाते. नळीत ठरावीक अंतरावर रोमपेशींचे झुबके असतात आणि प्रत्येक झुबक्यावर जेलीसारखी टोपी. पाणी हललं की टोपी कलते, रोम वाकतात, मज्जातंतूला संदेश जातो. आपल्या कानात आवाज टिपणाऱ्या पेशी याच घराण्यातल्या. काही झुबके त्वचेवर उघडे असतात, त्यांना पाण्याचा वेग कळतो. नळीतल्या झुबक्यांना शेजारच्या दोन छिद्रांमधल्या दाबाचा फरक, म्हणजे पाण्याचा प्रवेग कळतो. सेकंदाला काही कंपनांपासून शे-दीडशे कंपनांपर्यंतची हालचाल हे इंद्रिय टिपतं. ब्लेडेड जिगची थरथर याच पट्ट्यात येते.

पण या इंद्रियाचा पल्ला छोटा आहे. थरथरणाऱ्या वस्तूच्या भोवती पाण्याची जी प्रत्यक्ष हालचाल होते ती अंतराच्या घनाने कमी होत जाते. अंतर दुप्पट झालं की हालचाल आठपटीने घटते, तिप्पट झालं की सत्तावीसपटीने. त्यामुळे पार्श्वरेषा साधारणपणे माशाच्या एक-दोन शरीरलांबींपर्यंतच उपयोगी पडते. चाळीस सेंटिमीटरच्या बाससाठी हे अंतर फार तर ऐंशी सेंटिमीटर. “अख्ख्या तळ्यातले मासे ओढून आणणारी कंपनं” असं एखाद्या पाकिटावर छापलेलं असेल तर त्या छपाईला शास्त्राचा आधार नाही. पात्याच्या आपटण्याचा खटखटाट माशाच्या आतल्या कानाला अधिक लांबून ऐकू येऊ शकतो, पण नेमका कुठे आणि कधी झडप घालायची हे शेवटच्या हातभर अंतरात ठरतं. मस्की या शिकारी माशावर झालेले प्रयोग हेच दाखवतात. दृष्टी झाकलेले मस्की दूरच्या भक्ष्याचा पाठलाग करत नव्हते, पण भक्ष्य अगदी जवळ आलं की अचूक झेप घेत होते. म्हणजे ट्रेलर निवडताना आपण माशाच्या शेवटच्या निर्णयाशी खेळत असतो.

मग या शेवटच्या टप्प्यात पाण्याची हालचाल किती जोरदार होते, हे कशावर ठरतं? ढोबळपणे दोन गोष्टींच्या गुणाकारावर: किती पाणी बाजूला सारलं जातं, आणि ते किती वेगाने. जाडजूड ट्रेलर पहिला आकडा वाढवतो आणि बहुतेक वेळा दुसरा कमी करतो. सगळी निवड या ओढाताणीत आहे, आणि इथलं भौतिकशास्त्र मला इतकं आवडतं की थोडं सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पातं मुळात थरथरतं का? प्रवाहाला आडवं धरलेलं पातं फार वेळ स्थिर राहत नाही. ते किंचित एका बाजूला कललं की पाण्याचा दाब दोन्ही कडांवर सारखा राहत नाही, पातं झुलतं, डोक्यावर आपटतं, परत फिरतं आणि मध्यावर न थांबता पलीकडे जातं. प्रत्येक झोक्यात प्रवाहाकडून थोडी ऊर्जा मिळते. ती खर्च होते मागच्या शरीराला हलवण्यात आणि पाण्याच्या रोधात. मिळकत खर्चापेक्षा जास्त असेल तोवर थरथर टिकते. ओढण्याचा वेग कमी केला तर मिळकत घटते आणि एका विशिष्ट वेगाखाली पातं मुकं होतं. बेडौल ट्रेलर लावला की हा किमान वेग वर सरकतो. संथ ओढणाऱ्याचं आमिष निव्वळ सरपटत येतं, ते यामुळेच.

आता खर्चाची बाजू. ट्रेलर जिगच्या डोक्याभोवती डावी-उजवीकडे झुलतो. एकसारख्या जाडीचा दांडा एका टोकाभोवती फिरवायला होणारा विरोध त्याच्या वस्तुमानाला लांबीच्या वर्गाने गुणून येतो, आणि वस्तुमानही लांबीबरोबर वाढतं. म्हणजे एकूण विरोध लांबीच्या घनाबरोबर वाढतो. १० सेंटिमीटरचा ट्रेलर पुढच्या बाजूने कापून ८ सेंटिमीटरचा केला तर ०.८ चा घन ०.५१२, म्हणजे विरोध जवळपास निम्मा! मुरलेले मासेमार ट्रेलरचं नाक नखभर कापून टाकतात. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या सवयीमागे हा घन उभा आहे.

हिशेब इथे संपत नाही. पाण्यात वस्तू हलवताना तिच्याबरोबर आजूबाजूचं पाणीही हलवावं लागतं, आणि त्या पाण्याचं वजन वस्तूच्या वजनात मिळवावं लागतं. बादलीत हात घालून आधी तळव्याने आणि मग हाताच्या कडेने पाणी कापून पाहा, फरक लगेच कळतो. समजा ट्रेलर चपटा आहे, २ सेंटिमीटर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड, छेद लंबगोल. त्याच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीचं स्वतःचं वजन साधारण ०.८ ग्रॅम. तो उभा ओवला, म्हणजे रुंद बाजू डावी-उजवीकडे तोंड करून, तर झुलताना प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे ३.१ ग्रॅम पाणी सोबत ढकलावं लागतं. तोच आडवा ओवला तर फक्त ०.२ ग्रॅम. सोळापट फरक! तोच ट्रेलर, तोच रंग, तेच वजन, फक्त गळावर पाव फेरा फिरवून ओवलेला. उभ्या ट्रेलरमुळे प्रत्येक झोक्यात जास्त पाणी सरतं, पण झोका आखूड आणि सुस्त होतो. आडवा पात्याला मोकळं सोडतो आणि थरथर बारीक, वेगवान राहते.

यात आणखी एक पदर आहे तो मऊपणाचा. वरचं गणित ताठ दांड्याचं. खरा ट्रेलर वाकतो. गळाच्या दांड्यावर ओवलेला भाग जिगबरोबर हलतो, बाकीचा मागे पडत लाट होऊन येतो. प्लास्टिक जितकं मऊ, तितका मागचा भाग पात्यावर कमी भार टाकतो. पॅडल टेल, म्हणजे टोकाला चकती असलेली शेपटी, यात भर घालते, कारण तिच्यामागे भोवरे आळीपाळीने सुटतात आणि ती स्वतःच हलू लागते. चेक भौतिकशास्त्रज्ञ चेनेक स्ट्रोहल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात गाणाऱ्या तारांवर काम करताना जो संबंध शोधला तोच इथे लागू होतो. गोल दांड्यामागे सेकंदाला सुटणाऱ्या भोवऱ्यांच्या जोड्या म्हणजे वेग भागिले जाडी, गुणिले साधारण ०.२. सेकंदाला ६० सेंटिमीटर वेग आणि दीड सेंटिमीटर जाडी घेतली तर उत्तर ८ येतं. चकतीचा आकार वेगळा असल्याने आकडा थोडा हलेल, पण अंदाज येतो. शेपटीची ही लय पात्याच्या लयीशी जुळली तर दोघं एकमेकांना साथ देतात. नाही जुळली तर एकमेकांची ऊर्जा खातात आणि हाताला लागणारी थरथर विस्कटलेली वाटते.

एवढं समजलं की निवड बरीच सोपी होते. गढूळ पाण्यात बासला दुरून दिसत नाही, तेव्हा जास्त पाणी सारणारा भरीव पॅडल टेल मला योग्य वाटतो. त्याला पेलणारं डोकंही हवं, १४ ग्रॅमचं, म्हणजे अर्ध्या औंसाचं. पाण्याखालच्या गवतावरून आमिष न्यायचं असेल तर पसरट नांग्यांचा क्रॉ ट्रेलर, म्हणजे क्रेफिशच्या आकाराचा, घ्यावा. त्याच्या नांग्यांमुळे उचल मिळते, आमिष सावकाश बुडतं आणि गवतात कमी रुततं. नितळ किंवा थंड पाण्यात सडपातळ, दुभंगलेल्या शेपटीचा तुकडा आडवा ओवावा. थंडीत बासच्या शरीराच्या सगळ्या क्रिया मंदावतात, आमिष संथ ओढावं लागतं, आणि संथ वेगाला पातं जागं ठेवणारा ट्रेलर हाच. काहीही ओवलं तरी ते गळावर सरळ हवं. तुकडा जरा वाकडा बसला की आमिष एका कुशीवर पडून येतं.

रंगाचं काय? लार्जमाउथ जातीच्या बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या शंकुपेशी असतात, एक हिरव्या प्रकाशाला संवेदनशील आणि एक तांबड्या. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासना रंगीत लक्ष्य ओळखायला शिकवलं तेव्हा तांबडा आणि हिरवा त्यांना नीट ओळखता आले, पण पोपटी-पिवळ्याची पांढऱ्याशी आणि निळ्याची काळ्याशी गल्लत झाली. काळा-निळा की नुसता काळा यावर रात्र जागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आमिषावर मारायच्या वासाच्या फवाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. स्थिर पाण्यात विरघळलेला रेणू केवळ विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, दहा सेंटिमीटर जायला आठवडेच्या आठवडे लागतात. प्रवाह तो वास लवकर वाहून नेतो हे खरं, पण पळत्या आमिषाचा वास आमिषाच्या मागे राहतो, पुढे दबा धरून बसलेल्या माशाला तो आधी कसा पोचणार? तोंडात घेतलेला तुकडा मासा क्षणभर जास्त धरून ठेवत असेल, इतपत मान्य. चंद्राच्या स्थितीवरून ‘उत्तम वेळ’ सांगणारी कोष्टकं तर जॉन अल्डन नाइट यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या कल्पनेपासून चालत आली आहेत. पाण्याचं तापमान, गढूळपणा आणि वारा डोळ्यांसमोर असताना ती उघडण्याचं मला कारण दिसत नाही.

नवा ट्रेलर घेतला की काठालगतच्या उथळ, स्वच्छ पाण्यात आधी मोकळा जिग ओढा आणि पातं कोणत्या वेगाला जागं होतं ते रॉडच्या टोकावर पाहा. मग ट्रेलर ओवून तेच करा. वेग थोडासाच वाढवावा लागला तर जोडी जमली. बराच वाढवावा लागला तर नाक कापा, पाव फेरा फिरवा, तरीही जमेना तर तुकडा बदला. शक्यतो ताणलं जाणारं, तरंगणारं टीपीई (रबरासारखं प्लास्टिक) निवडावं, कारण पात्याच्या सततच्या झटक्यांनी साधं पीव्हीसीचं प्लास्टिक नाकाशी लवकर फाटतं. फक्त या दोन जातींचे तुकडे एकाच डबीत ठेवू नका. पीव्हीसीतलं मऊ करणारं द्रव्य टीपीईत उतरतं आणि काही दिवसांत दोघांचा चिकट गोळा होतो.