जंतांमुळे वाढणाऱ्या खुंट्या

आतड्यात जंत झाले की रक्तातलं आयजी-ई हे प्रतिपिंड झपाट्याने वाढतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांत तर ते शंभरपटीपर्यंत गेलेलं दिसतं. गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं आयजी-ई त्या जंताला ओळखतही नाही! मग शरीर ही नुसती भरताड कशाला तयार करतं?

आयजी-ईचं खरं काम रक्तात नसतंच. रक्तात ते जेमतेम दोन दिवस टिकतं. मास्ट पेशीवर जाऊन बसलं, की मात्र आठवडेच्या आठवडे राहतं. या पेशी त्वचेखाली, श्वासमार्गात, आतड्याच्या अस्तरात असतात. पॉल एर्लिख यांनी १८७८ साली आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. आतले ठासून भरलेले कण पाहून त्यांना वाटलं, या खाऊन लठ्ठ झालेल्या पेशी आहेत. ‘मास्ट’ या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी जनावराला चारून पुष्ट करणं असा. ते कण अन्नाचे नव्हेत, हिस्टामिनसारख्या रसायनांचे, हे पुढे कळलं; नाव तेच राहिलं.

मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर आयजी-ई अडकवायच्या खुंट्या असतात. शास्त्रीय भाषेत त्यांना ग्राही म्हणतात. शेजारशेजारच्या खुंट्यांवरची दोन आयजी-ई एकाच परक्या रेणूला धरून जोडली गेली, की पेशी आतले कण बाहेर ओतते. आतडं पाझरू लागतं, आकुंचन पावतं आणि जंताला तग धरणं कठीण होतं. परागकणांनी शिंका येतात त्याही याच यंत्रणेने.

यावरून एक तर्क पुढे आला. जंतांचा प्रादुर्भाव असलेल्या लोकांत ॲलर्जीच्या त्वचाचाचण्या अनेकदा कमी प्रमाणात सकारात्मक येतात. कदाचित निरुपयोगी आयजी-ई सगळ्या खुंट्या अडवत असेल आणि परागकण ओळखणाऱ्या आयजी-ईला जागाच उरत नसेल! तर्क देखणा होता, पण त्यात खुंट्यांची संख्या ठरलेली आहे असं गृहीत धरलं होतं.

ती ठरलेली नसते. रिकामी खुंटी पेशी आत ओढून घेते आणि मोडीत काढते. आयजी-ई बसलेली खुंटी पृष्ठभागावर टिकते. नव्या खुंट्या तयार होणं चालूच असतं, त्यामुळे रक्तात आयजी-ई वाढलं की खुंट्याही साठत जातात. जंत झालेल्या उंदरांत हेच आढळलं.

याची उलटतपासणी ओमालिझुमॅब या दम्यावरच्या औषधाने झाली. ते फक्त मोकळं आयजी-ई पकडतं, खुंटीला हात लावत नाही. तरीही मास्ट पेशींच्या नात्यातल्या बेसोफिल पेशींवरचे ग्राही दर पेशीमागे सुमारे २,२०,००० वरून ८,३०० वर आले. शिवाय पेशी पेटायला थोड्याच खुंट्या जोडल्या गेल्या तरी पुरतात. त्यामुळे ‘जागा अडवण्या’चं स्पष्टीकरण मला तरी लंगडं वाटतं. आता संशोधकांचा रोख जास्त करून प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी-पेशींकडे असतो.

काही कृमी तर थेट तारच तोडतात. जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांत राहणारा एक फायलेरिया कृमी ईएस-६२ नावाचं प्रथिन सोडतो. मानवी मास्ट पेशींवर ते वापरलं तेव्हा खुंटीपासून आत संदेश नेणारं एक महत्त्वाचं प्रथिन, पीकेसी-अल्फा, पेशीतच नष्ट झालं. खुंट्या जागेवर, त्यांवरचं आयजी-ईही जागेवर, आणि कण मात्र आतल्या आत.