हॉकी गोलकीपरची स्टिक जड हवी, हा समज चुकीचा

बेळगावात हॉकीची हौस जुनी. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमधले सुवर्णविजेते बंडू पाटील इथलेच. तरीही शाळांच्या संघांत एक समज घट्ट बसलाय: गोलकीपरला स्टिकच्या मापात सूट असते, म्हणून त्याला सगळ्यांत जाड, जड स्टिक द्यावी.

अशी सूट नाही. त्याचीही स्टिक 51 मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून आरपार गेली पाहिजे आणि वजन 737 ग्रॅमपर्यंतच. सूट आहे ती पॅड आणि ग्लोव्हजची, तीही मापात: पायाचा प्रत्येक पॅड जास्तीत जास्त 300 मिलिमीटर रुंद.

जड स्टिक उलट घात करते. गोलकीपर ती एकट्या उजव्या हातात, दांड्याच्या मध्याजवळ धरतो. डावा पंजा चेंडू अडवायला मोकळा ठेवतो. उजवीकडे जमिनीलगत फटका आला की मनगट क्षणात खाली जायला हवं. जड काठी तिथंच उशीर करते. पोरांना हे शिकवताना आधी हलकी स्टिक हातात द्या, फरक त्यांना लगेच कळेल.

बरेचसे चेंडू तर पायानंच अडतात. म्हणून क्रिकेटच्या पॅडवर भागवणं मला अजिबात पटत नाही. हॉकीचा चेंडूही साधारण 160 ग्रॅमचा, टणक. क्रिकेटच्या पॅडखाली पायाचा पंजा उघडाच राहतो. तिथं फोमचे किकर, म्हणजे बुटावरून चढवायची संरक्षक कवचं, लागतात. संघाकडे पैसे थोडे असतील तर आधी हेल्मेट, गळ्याचा गार्ड, ॲब्डोमेन गार्ड आणि किकर घ्या. स्टिक कुणा खेळाडूची जुनीही चालते.